लंका, डोह आणि श्मशान : कलाभवनातले दादासाहेब फाळके



यंदाच्या मे महिन्यात मंडळाच्या वाचनालयातल्या मोठ्या टेबलाभोवती पाच-सहा मुले रोज दुपारी जमत होती. कोणाची नातवंडे पुण्याहून आलेली, कोणाची न्यू जर्सीहून, दोघे-तिघे इथलेच, दांडिया बाजार आणि राजमहाल रोडवरचे. टेबलावर पट नाही, सोंगट्या नाहीत. फक्त वह्या, पेन्सिली आणि वीस बाजूंचा एक विचित्र फासा. त्यांच्यातली एक मुलगी गोष्ट सांगायची, बाकीची मुले त्या गोष्टीतली पात्रे होऊन पुढे काय करायचे ते ठरवायची, आणि जमले की फसले ते फासा सांगायचा. या खेळाचे नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स, आणि तो १९७४ साली अमेरिकेत निघाला, हे आम्हाला त्या मुलांकडूनच कळले.

आम्ही वर्तमानपत्र तोंडासमोर धरून ऐकत बसायचो. गोष्ट रोज नवी असली तरी जागा मात्र फिरून फिरून त्याच. ओसाड किल्ल्याखालचे भुयार, पाण्याच्या तळाशी राहणारा नाग, राक्षसांची सोन्याची नगरी, मध्यरात्रीचे श्मशान आणि घनदाट जंगलातला कोणा तपस्व्याचा किंवा चेटक्याचा धगधगता होम. एके दिवशी आम्ही न राहवून सांगितले की, बाळांनो, यातल्या बहुतेक जागा शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने खरोखर बांधल्या होत्या, पेटवल्या होत्या, पाण्यात बुडवल्या होत्या. आणि त्या बांधायच्या कशा, हे तो इथे, आपल्या वडोदऱ्यात, कलाभवनात शिकला होता. मुलांचा विश्वास बसला नाही. त्यांच्या आईवडिलांनाही दादासाहेब फाळके म्हणजे मुंबई आणि नाशिक एवढेच माहीत होते. म्हणून हा लेख.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील गोविंद सदाशिव, म्हणजे दाजीशास्त्री, संस्कृतचे विद्वान. आईचे नाव द्वारकाबाई. पुढे दाजीशास्त्रींना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याचे काम मिळाले आणि बिऱ्हाड मुंबईला हलले. शास्त्र्याच्या घरातला मुलगा पुराणे ऐकतच मोठा होतो. रामाची लंका आणि कृष्णाचा डोह त्याला शाळेच्या भूगोलाआधी पाठ झालेला असतो. या मुलाचा हात मात्र चित्राकडे वळला. १८८५ मध्ये तो सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला आणि वर्षभराचा चित्रकलेचा अभ्यासक्रम पुरा करून थोरले बंधू शिवरामपंत यांच्याबरोबर बडोद्याला आला. पहिले लग्नही इथेच झाले, मराठे यांच्या घरातल्या मुलीशी.

इथे थोडे थांबू या, कारण आपला संबंध इथूनच आहे.

ते बडोदे कसे होते ते डोळ्यांसमोर आणा. सयाजीराव महाराज ऐन उमेदीत होते. लक्ष्मीविलास राजवाड्याचे बांधकाम १८९० मध्ये पूर्ण झाले. त्याच राजवाड्यासाठी महाराजांनी १८८८ मध्ये राजा रविवर्मा यांना चौदा पौराणिक चित्रांचे काम सांगितले होते. ती चित्रे आजही आपण फत्तेसिंहराव संग्रहालयात तिकीट काढून पाहतो, आणि पाहुण्यांना दाखवून दाखवून आपल्याला त्यांचे काही वाटेनासे झाले आहे. तेव्हा मात्र ती नवलाची गोष्ट होती. देव-देवता मूर्तीसारख्या समोर बघत उभ्या नसून एखाद्या खऱ्या अंगणात, खऱ्या नदीकाठी, खऱ्या उजेडात वावरताना दिसू शकतात, हे लोकांना त्या चित्रांनी दाखवले. त्याच सुमारास विशीतला धुंडिराज याच गावात तैलचित्रे काढायला शिकत होता.

कलाभवन महाराजांनी १८९० मध्ये सुरू केले. आज ती इमारत विद्यापीठाच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीची म्हणून ओळखली जाते. आपल्यापैकी कित्येकांची मुले, आणि मंडळाचे तीन-चार ज्येष्ठ सभासदही, तिथूनच इंजिनिअर होऊन बाहेर पडले. पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर रसायनशास्त्रातले मोठे नाव. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला चाफेकरांनी डांबर फासले होते, ते पुतळ्याला धक्का न लावता काढून देणारे गज्जर ते हेच. त्यांच्या कलाभवनात कापड रंगवणे, सुतारकाम, यंत्रकाम आणि चित्रकला एका छपराखाली शिकवली जायची. कला वेगळी आणि कारागिरी वेगळी असे तिथे कोणी मानत नव्हते. आमच्या मते दादासाहेबांची पुढची सगळी कहाणी या एका गोष्टीत आहे.

फाळके इथे तैलरंग आणि जलरंग शिकले, वास्तुकला शिकले, मातीच्या आणि लाकडाच्या प्रतिकृती करायला शिकले. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि सुवर्णपदक मिळवले. म्हणजे बावीस वर्षांच्या या मुलाला पहिले बक्षीस मिळाले ते एका छोट्याशा, टेबलावर मावणाऱ्या जागेसाठी. याच काळात त्यांच्या हाती कॅमेरा आला. गज्जरांनी त्यांना रतलामला पाठवून तीन रंगांचे ठसे करणे, फोटोलिथो, अंधारखोलीतली कामे शिकवून आणली आणि १८९३ मध्ये कलाभवनातला स्टुडिओ आणि प्रयोगशाळा त्यांना धंद्यासाठी वापरू दिली. आजच्या भाषेत ज्याला इन्क्युबेशन सेंटर म्हणतात आणि ज्याच्या उद्घाटनाला मंत्री येतात, ते गज्जरांनी फीत न कापता करून दाखवले होते.

पण कौशल्य असले म्हणजे पैसा येतोच असे नाही. १८९५ च्या सुमारास फाळके छायाचित्रकार म्हणून गोध्र्याला गेले. गोध्रा काही दूर नाही. आम्ही नोकरीत असताना बदली टाळण्यासाठी लोक धडपडायचे असे ते ठिकाण. फाळक्यांचे तिथे बरे चालले होते. मग १९०० मध्ये प्लेग आला, आणि त्यांची पत्नी आणि मूल दोघेही गेले. तिशीतला हा माणूस एकटा बडोद्याला परत आला.

परत येऊन पुन्हा फोटोचे दुकान. ते चालेना. कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो आणि आयुष्य कमी होते अशी लोकांची समजूत होती. ज्या माणसाच्या घरात नुकतेच दोन मृत्यू झाले होते त्याला गिऱ्हाइकांच्या तोंडून हे ऐकावे लागत असेल, तेव्हा काय वाटत असेल कोण जाणे. पोटासाठी त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायला घेतले.

आमच्या पिढीतल्या काहींनी तरी असे पडदे पाहिले असतील. कंपनीपाशी चार-पाच पडदे ठरलेले असत. रस्त्याचा, जंगलाचा, महालाचा, तुरुंगाचा, एखादा देवळाचा. नाटक कुठलेही असो, प्रसंग याच पडद्यांपुढे घडायचे. जंगलाचा पडदा वर गेला की प्रेक्षक सावरून बसायचे, आता काहीतरी विपरीत घडणार हे त्यांना न सांगता कळायचे. वाचनालयातली मुले फिरून फिरून त्याच जागांवर का येतात, याचे उत्तर आम्हाला या पडद्यांमध्ये सापडले. खेळणाऱ्याला अगदी अनोळखी जागा नको असते. जिथे पाऊल टाकताच पोटात गोळा येतो अशी, आधीपासून माहीत असलेली जागा हवी असते. फाळक्यांनी हे पडदे स्वतःच्या हाताने रंगवले आणि जाता जाता नाटकांत बारीकसारीक कामेही केली.

याच दिवसांत बडोद्याला एक परदेशी जादूगार दौऱ्यावर आला होता. फाळके त्याच्याकडून जादूचे प्रयोग शिकले आणि १९०१ च्या अखेरीपासून स्वतःच खेळ करू लागले. नाव घेतले प्रोफेसर केळफा. आडनावाची अक्षरे उलटी वाचा म्हणजे कळेल. हे ऐकल्यावर टेबलाभोवतीच्या मुलांनी आपापली आडनावे उलटी करून पाहिली आणि पुढचा अर्धा तास वाचनालयात शांतता राहिली नाही.

तर पाहा, बडोद्याच्या पदरातून त्यांना काय काय मिळाले. चित्र, प्रतिकृती, वास्तू, कॅमेरा, रसायने, पडदे आणि डोळ्यांदेखत वस्तू नाहीशी करण्याची विद्या. चित्रपट करायला याहून वेगळे काय लागते? पण चित्रपट अजून दहा वर्षे दूर होता.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. किर्लोस्कर नाटक मंडळींच्या मालकांची भाची, गिरिजा करंदीकर, लग्नानंतर सरस्वतीबाई झाल्या. हे नाव लक्षात ठेवा. १९०३ मध्ये फाळक्यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समन म्हणून सरकारी नोकरी लागली. जुन्या वास्तूंची रेखाटने आणि फोटो काढायचे काम, पगार दरमहा. आमच्यासारख्याने निवृत्तीपर्यंत सोडली नसती अशी ती नोकरी त्यांनी दोन-तीन वर्षांत, स्वदेशीच्या वाऱ्यात सोडली आणि लोणावळ्याला छपाईचा कारखाना काढला. रविवर्मांच्या छापखान्यासाठी ते ठसे करून देत. पुढे कारखाना दादरला आला, भागीदार बदलले, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स असे नाव झाले, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते जर्मनीला जाऊन आले. मग भागीदारांशी बिनसले आणि चाळिशीत ते एक पैसाही न घेता बाहेर पडले.

१९११ च्या आगेमागे मुंबईत एका तंबूतल्या खेळात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हिंडत होता आणि त्यांना तिथे कृष्ण दिसत होता, राम दिसत होता, गोकुळ आणि अयोध्या दिसत होती. ते सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा तोच खेळ पाहायला गेले. पुढचे काही महिने मिळेल तो चित्रपट पाहणे आणि रात्री-अपरात्री प्रयोग करणे, एवढेच चालले होते. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासे झाले. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या आधाराने दृष्टी परत आली.

आता पैशाचा भाग. छत्तीस वर्षे कर्जाचे अर्ज वाचून आमची नजर तिकडेच जाते. फाळक्यांनी बारा हजार रुपयांच्या विमा पॉलिसी गहाण टाकून दहा हजारांचे कर्ज उभे केले. आम्ही बँकेत विम्याच्या दर्शनी रकमेवर कर्ज देत नसू, त्या दिवशी पॉलिसी मोडली तर काय येईल तेवढ्यावरच देत असू. त्या हिशेबाने हे कर्ज फारच सैल होते. अर्जदार एक्केचाळीस वर्षांचा, स्थिर उत्पन्न नाही, नुकताच भागीदारीतून बाहेर पडलेला, डोळे अधू, आणि कर्जाचा उद्देश असा धंदा जो देशात कोणी केलेला नाही. असा अर्ज आमच्या टेबलावर आला असता तर आम्ही तो अतिशय सभ्य भाषेत परत पाठवला असता. हे कबूल केलेले बरे.

१ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनच्या बोटीत चढले. तिथे बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाच्या संपादकाने त्यांना सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे पाठवले आणि हेपवर्थने आपला स्टुडिओ उघडून दाखवला. विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून ते दोन महिन्यांत परतले आणि १ एप्रिलला फाळके फिल्म्स कंपनी स्थापन केली. कॅमेरा मे महिन्यात आला. पण चित्रपटासाठी भांडवल उरले नव्हते. तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचे बी पेरले आणि कॅमेरा समोर ठेवून रोज थोडेथोडे चित्रण केले. महिनाभराने ती पट्टी पडद्यावर दाखवली तर बी रुजून, कोंब फुटून, वेल भराभर वर चढताना दिसला. सावकाराने ते पाहिले आणि पैसे दिले. आमच्या नोकरीत प्रकल्प अहवाल पुष्कळ आले, त्यातला एकही असा नव्हता. तरीही पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले.

राजा हरिश्चंद्र हा तो पहिला चित्रपट. दादरच्या बंगल्यात देखावे उभे राहिले. ज्या रस्त्यावर हे घडले त्याला आज दादासाहेब फाळके मार्ग म्हणतात. अयोध्येचा महाल, ऋषीचा होम आणि काशीचे श्मशान, तिन्ही जागा त्यांनी स्वतः आखल्या, रंगवल्या. विश्वामित्राच्या होमात तीन शक्ती स्त्रीरूपाने ज्वाळांत अडकलेल्या दिसतात. ही प्रोफेसर केळफांची हातचलाखी. कॅमेरा हाताने फिरवायचा, सेकंदाला साधारण सोळा चित्रे. मुठीचे फेरे मोजायचे, फिल्म तेवढेच फेरे उलटी घ्यायची आणि त्याच पट्टीवर दुसऱ्यांदा चित्रण करायचे. मोजणीत चूक झाली की दोन्ही चित्रे वाया. देव प्रकट व्हायचा असेल तर कॅमेरा थांबवायचा, सगळ्यांनी जागच्या जागी पुतळ्यासारखे उभे राहायचे, शंकराने येऊन उभे राहायचे, कॅमेरा पुन्हा सुरू. मधल्या वेळात कोणाला शिंक आली तर संपले.

तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहातला अण्णा साळुंके हा स्वयंपाकी निवडला. रोहिदासाच्या कामाला मुलगाही मिळेना, कारण त्याला गोष्टीत मरायचे होते आणि कोणते आईबाप तयार होणार? शेवटी फाळक्यांनी आपल्याच मुलाला, भालचंद्राला, उभे केले. पहिले मूल प्लेगमध्ये गेलेल्या बापाने दुसऱ्या मुलाला खोट्या श्मशानात निजवले आणि कॅमेऱ्याची मूठ फिरत राहिली. चरित्रकार हा प्रसंग विनोदाने सांगतात. आम्हाला तो तसा वाटत नाही.

आणि सरस्वतीबाई? कंपनीच्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करत. उन्हात पांढरी चादर ताणून उभ्या राहत म्हणजे नटांच्या तोंडावर उजेड पडावा. तेव्हा कोरी फिल्म कडेला भोके न पाडता यायची. रात्री सगळे झोपल्यावर अंधाऱ्या खोलीत बसून ती भोके पाडायचे काम त्यांचे. रसायनात फिल्म धुण्यातही त्यांचा हात असे. श्रेयनामावलीत त्यांचे नाव नाही. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातही आभारप्रदर्शनात स्वयंपाकघराची पाळी शेवटी येते, तेव्हा फार नवल वाटायला नको.

जवळजवळ सात महिन्यांत चार रिळांचा हा चित्रपट पुरा झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांसाठी लागला. तो चालला. त्याच वर्षी फाळके नाशिकला गेले. मोहिनी भस्मासुर, सावित्री सत्यवान हे पुढचे चित्रपट तिथले. मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे कामाची संधी चालून आली होती, ती नाकारून परत आले, तोच महायुद्ध भडकले. सावकारांनी हात आखडला आणि दोन-तीन वर्षे ओढाताणीत गेली.

१९१७ मध्ये लंकादहन आला. राक्षसांची सोन्याची नगरी! साळुंकेच राम झाले आणि साळुंकेच सीता. हनुमान आकाशात उडत जातो आणि उडता उडता लहान होत जातो, हे पाहून लोक थक्क झाले. लंकेसाठी प्रतिकृती बांधून पेटवली. पंचवीस वर्षांपूर्वी अहमदाबादला पदक मिळवून देणारा हात तो हाच, फक्त तेव्हा बांधलेले नाट्यगृह काचेच्या पेटीत ठेवायचे होते आणि आताची नगरी जाळायची होती. महिनोन्‌महिने खपून बांधायचे आणि एका दुपारी, एकाच प्रयत्नात, राख करायचे. जाळताना कॅमेऱ्यात बिघाड झाला तर लंका पुन्हा उभी करायला पैसे कुठले? मुंबईत सकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ चालत. मद्रासला तिकिटांची नाणी पोलीस पहाऱ्यात बैलगाडीतून न्यावी लागली, असे सांगतात. कॅशियरचे काम केलेल्या माणसाला ती नाणी मोजणाऱ्याची कीव येते.

या यशामुळे मुंबईचे भांडवलदार पुढे आले आणि १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. श्रीकृष्णजन्म त्याच वर्षीचा. त्यात कंसाचे मुंडके धडापासून सुटून वर उडते आणि पुन्हा जागेवर येते. १९१९ मध्ये कालियामर्दन आला, आणि यात कृष्ण झाली होती त्यांची मुलगी मंदाकिनी, सहा-सात वर्षांची. सुरुवातीला ती साध्या मुलीच्या रूपात समोर येते, चेहऱ्यावर एकामागून एक भाव दाखवते आणि मग पाहता पाहता कृष्ण होते. आत्ताच्या मुलांच्या खेळात पहिली गोष्ट हीच असते. तू कोण आहेस ते आधी सांग आणि मग गुहेत शिर. पुढे ती डोहात उडी घेते आणि पाण्याखाली नागाशी झुंजते. सुदैवाने हा चित्रपट बऱ्याच अंशी शिल्लक आहे.

कंपनीत मात्र सूर जुळले नाहीत. भागीदारांना खर्चाचे अंदाज आणि वेळापत्रक हवे होते, फाळक्यांना मनासारखा देखावा उभा राहीपर्यंत थांबायचे होते. आम्हाला भागीदारांची बाजू समजते. आमची आख्खी नोकरी त्याच बाजूला गेली. पण कालियाचा डोह वेळापत्रकात बसवून झाला नसता, हेही खरे. फाळके राजीनामा देऊन काशीला जाऊन राहिले आणि रंगभूमी नावाचे नाटक लिहिले. ज्या काशीचे श्मशान त्यांनी दादरच्या बंगल्यात उभे केले होते, ती खरी काशी. मग काही वर्षांनी कंपनीत परतले, पुन्हा रुसले, पुन्हा आले. चित्रपट निघत राहिले, सगळे मिळून पंच्याण्णव पूर्ण लांबीचे आणि सत्तावीस छोटे अशी मोजणी सांगतात. पण काळ पुढे गेला होता. १९३१ मध्ये चित्रपट बोलू लागला. फाळक्यांचे जग हाताचे आणि डोळ्यांचे होते, त्यात बोलण्याला फारशी जागा नव्हती. सेतुबंधन त्यांनी मुका काढला आणि मागाहून त्याला आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी गंगावतरण केला, स्वर्गातून खाली येणाऱ्या गंगेची गोष्ट. सदुसष्टाव्या वर्षी केलेला हा त्यांचा एकच खरा बोलपट, आणि शेवटचा.

नंतरची वर्षे नाशिकला हलाखीत आणि विस्मृतीत गेली. दुसऱ्या महायुद्धात फिल्म मिळायला सरकारी परवाना लागे. त्यांनी अर्ज केला होता, परवानगी मिळाली नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. चित्रपटांची बहुतेक रिळे तोवर नष्ट झाली होती. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे, ती लवकर पेट घेई आणि नुसती ठेवली तरी कुजून भुकटी होई. लंकादहनचे तुकडे तेवढे आहेत. हरिश्चंद्राची पहिली आणि शेवटची रिळे आहेत, म्हणजे होम आहे आणि श्मशान आहे, मधले राज्य गेले.

आपल्या गावात रविवर्म्यांची चित्रे पाहायला लोक दुरून येतात, ते योग्यच आहे. कलाभवनाच्या फाटकाशी उभे राहून इथे फाळके शिकले असे पाहुण्यांना सांगताना आम्ही अजून कोणाला ऐकलेले नाही. आम्ही स्वतःही आजवर सांगितले नव्हते. राजमहाल रोडवरून बँकेत जाता-येता ती इमारत इतकी वर्षे पाहिली, पण आत गेलो ते भाचीच्या पदवीच्या दिवशी, आणि तेव्हाही स्कूटर कुठे लावायची याचीच चिंता होती.

जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधीच्या रविवारी आम्ही मुलांना मंडळाच्या प्रोजेक्टरवर कालियामर्दनचा शिल्लक भाग दाखवला. मुका आहे, रेघोट्या आहेत, चित्र मध्येच उडते, म्हणून मुले कंटाळतील अशी भीती होती. पहिली पाच मिनिटे चुळबुळ झालीही. डोहाचा प्रसंग आल्यावर न्यू जर्सीच्या मुलाने तो थांबवायला लावला, पुन्हा पाहिला, आणि पाणी खरे आहे की रंगवलेले यावरून वाद सुरू झाला. गोष्ट सांगणारी मुलगी त्या वादात पडली नाही. तिने वहीचे कोरे पान काढून त्यावर नदीचे वळण काढले, वळणाशी एक काळा गोल गिरवला, आणि बाकीच्यांना सांगितले की तुम्ही आता काठावर उभे आहात, चेंडू आत पडला आहे. मग फासा इथलाच सर्वांत धाकटा मुलगा टाकणार असे ठरले.